संचारबंदी आणि परका माणूस

(वाशी येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



स्थलांतरित कामगारांसंबंधी कायदा काय म्हणतो, हे सकाळच्या सत्रात आपण ऐकले. मला कायद्यातले फारसे कळत नाही. मी आयुष्यभर ठेकेदारांच्या कचेऱ्यांत हिशेब लिहिले आणि त्यातली सहा वर्षे कुवेतमध्ये लिहिली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य त्या देशात शिरले तेव्हा मी तेथे होतो. त्यानंतर सुमारे सात आठवडे मी परक्या देशात, आणि त्या देशालाही परक्या असलेल्या लष्कराच्या अमलाखाली, रात्रीची संचारबंदी पाळत राहिलो. त्या अनुभवावर बोलावे असा संयोजकांचा आग्रह पडला. पस्तीस वर्षे उलटून गेल्यावर जुने दुःख उगाळण्यात मला स्वारस्य नाही. परंतु तेथे माझ्या हातून एक गोष्ट घडली, किंवा खरे म्हणजे घडायला हवी होती ती घडली नाही. तिचा संबंध आज आपल्या नवी मुंबईत जे चालले आहे त्याच्याशी आहे असे मला वाटते, म्हणून मी उभा राहिलो आहे.

लष्करी अंमल आणि संचारबंदी म्हटले की मराठी माणसाला सोलापूर आठवावे, निदान आपल्या पक्षातल्या माणसाला तरी. मे १९३० मध्ये गिरणगावातला कामगार आणि शहरातला नागरिक रस्त्यावर उतरला, ८ मे रोजी गोळीबार झाला, आणि १२ मे रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत होता. डोक्यावर गांधी टोपी घालणे हाही त्या दिवसांत अपराध ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फासावर गेले. हा इतिहास आपण अभ्यासवर्गांतून शिकवतो, आणि शिकवलाच पाहिजे. पण कुवेतमधल्या रात्री जागून काढताना मला सोलापूरची एक निराळीच बाजू जाणवली. सोलापूरकर दडपशाहीखाली होता, तरी तो आपल्या घरात होता. गल्लीतून गल्लीत कसे जावे, कोणाचे मागचे दार उघडे असते, कोणत्या दुकानदाराकडे उधारी चालते, हे त्याला ठाऊक होते. संचारबंदीत माणूस जगतो तो शेजाऱ्यांच्या आधारावर. परक्या माणसाचा शेजार असतो कुठे? तो मालकाने दिलेल्या खोलीत राहतो, मालकाने ठरवलेल्या माणसांबरोबर राहतो, आणि मालक नाहीसा झाला की ती खोलीही कोणाची आहे हे त्याला सांगता येत नाही.

आमच्या मालकाचे असेच झाले. कुवेतमधली बरीच सधन मंडळी उन्हाळ्यात देशाबाहेर जात. आमचे मालकही गेलेले होते. ते दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. पगार वेळेवर देत. परंतु तेथील पद्धतीप्रमाणे ते आमचे 'कफील' होते, म्हणजे आमच्या देशातल्या वास्तव्याचे जामीनदार. नोकरी बदलायची तर त्यांची संमती लागे, सुटीवर गावी यायचे तर त्यांचीच. आणि आम्हा सर्वांची पारपत्रे त्यांच्या कचेरीतल्या पोलादी कपाटात, एका खणात, कुलूपबंद असत. उतरल्या दिवशी ती काढून घेतली जात आणि सुटीच्या आदल्या दिवशी हातात पडत. आम्हाला त्यात काही गैर वाटत नसे. हरवण्याची भीती नको, बरेच झाले, असेच आम्ही एकमेकांना म्हणत असू. गुलामीची सवय कशी लागते याचे इतके साधे उदाहरण दुसरे मला सांगता येणार नाही.

तो गुरुवार होता. पहाटे तोफांचा आवाज आला. दुपारपर्यंत रस्त्यावर रणगाडे दिसू लागले. पहिले काही दिवस बाहेर पडणेच अशक्य होते; पुढे दिवसा मुभा मिळाली आणि अंधार पडला की बंदी सुरू होई. ऑगस्टमधला तेथील उकाडा ज्याने सोसला नाही त्याला मी तो समजावू शकणार नाही. एका खोलीत आम्ही सहा जण होतो. दोघे रत्नागिरीकडचे मुसलमान, एक सिंधुदुर्गाचा सुतार, दोघे मलबारी, आणि मी. दिवा लावायचा नाही, खिडकीशी उभे राहायचे नाही, रेडिओ कानाला लावून बी.बी.सी. ऐकायची. वेळ जात नसे. पत्ते खेळणे दोन दिवसांत थांबले, कारण अंधारात पत्ते दिसत नाहीत. मग माणसे बोलू लागली. सहा वर्षांत जे एकमेकांना सांगितले नव्हते ते त्या अंधारात सांगितले गेले. कोणाचे किती कर्ज, कोणाची बहीण लग्नाची राहिली, कोणी कोणत्या दलालाला किती पैसे भरून येथे आला. सुताराने व्हिसासाठी वडिलोपार्जित आंब्याची कलमे गहाण टाकली होती, हे मला तेव्हा कळले.

काही रात्री शहरातल्या गच्च्यांवरून 'अल्लाहू अकबर' असा घोष उठे. कुवेती नागरिक रस्त्यावर येऊ शकत नव्हते, तेव्हा ते गच्चीवर चढत आणि एकाच वेळी साऱ्या वस्त्यांतून तो आवाज निघे. सैनिक आवाजाच्या दिशेने गोळ्या झाडत. दिवसा पाहावे तर रस्त्यांच्या नावांच्या पाट्या आणि घरांचे क्रमांक नाहीसे झालेले असत. परक्या सैन्याला पत्ता सापडू नये म्हणून लोकांनीच ते काढून टाकले होते. निःशस्त्र माणसांचा तो प्रतिकार होता आणि तो पाहताना अंगावर काटा येई. आमच्यातला एक जण म्हणाला, "आपणही वर जाऊ या." कोणी हलले नाही. तो लढा न्याय्य होता यात आम्हाला शंका नव्हती; परंतु तो आमचा आहे असे आम्हाला त्या देशाने सहा वर्षांत कधी वाटू दिले नव्हते. हे समर्थन म्हणून सांगत नाही. आपल्या देशात राबणाऱ्या माणसाला आपण आपल्या न्यायात वाटा दिला नाही, तर संकटाच्या रात्री तो खिडकी लावून बसतो, एवढेच सांगतो.

दिवसा पावासाठी रांग. रांगेत कुवेती, पॅलेस्टिनी, मिसरी, हिंदुस्थानी असे सारे उभे. नाक्यानाक्यावर इराकी शिपाई. त्यांतली बहुतेक पोरे होती, मिसरूड न फुटलेली, आणि उपाशी. ते विचारत, "हिंदी?" अरबीत भारतीय माणसाला हिंदी म्हणतात. मान हलवली की जाऊ देत. एकाने तर मला थांबवून अमिताभ बच्चनची चौकशी केली. हे मी गमतीने सांगत नाही. बंदूक तीच, नाका तोच. परंतु त्या एका शब्दाने आम्ही सुटत होतो आणि आमच्या मागे उभा असलेला कुवेती तरुण सुटत नव्हता. पाश्चात्त्य देशांच्या नागरिकांना तर ओलीस म्हणून धरून नेले जात होते. संचारबंदी सर्वांना सारखी असते हा भ्रम आहे. तिच्यात पायऱ्या असतात, आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत हे दुसराच कोणी ठरवीत असतो. तेथे आम्ही वरच्या पायरीवर होतो, योगायोगाने.

आता खणाची गोष्ट.

इराक आणि जॉर्डनमार्गे भारतीयांना बाहेर पडता येईल असे ऐकू येऊ लागले. त्यासाठी पारपत्र हवे. ते मालकाच्या कपाटात, आणि किल्ली मालकाबरोबर परदेशी. लुटालुटीला देहान्त शिक्षेची तंबी होती. कपाट फोडणे म्हणजे लूट की नाही, यावर आम्ही चार रात्री वाद घातला. आज हसू येईल, पण आमचीच कागदपत्रे घेणे ही चोरी ठरेल काय, असा प्रश्न प्रौढ, कष्टाळू, प्रामाणिक माणसे अंधारात बसून एकमेकांना विचारीत होती! १९६७ च्या आपल्या पारपत्र कायद्याप्रमाणे पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता आहे. हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. भारत सरकारची मालमत्ता हजारो मालकांच्या खणांत पडून होती आणि ती कोणी मागितली नाही. आम्हीही नाही आणि सरकारनेही नाही.

शेवटी सुतार म्हणाला, "कुलूप मी काढतो, पाप लागलं तर मला लागू दे." एका सकाळी आम्ही कचेरीत गेलो. त्याने पाऊण तासात, कपाटाला चरा न पाडता, खण उघडला. आत चाळीसच्या वर पारपत्रे होती. आमची होती, इतर भारतीयांची होती, आणि अकरा बांगलादेशी सफाई कामगारांची होती. ते शहराबाहेरच्या छावणीत राहत. त्यांच्याशी आमचा संबंध महिन्याअखेर पगारपत्रकावर अंगठा घेण्यापुरता. तो अंगठा मीच घेत असे.

साथींनो, आम्ही भारतीय पारपत्रे उचलली आणि ती अकरा तेथेच ठेवली. ठेवू नयेत असे एकानेच सुचवले, तो सुतार. मी म्हटले, नाक्यावर झडती झाली आणि परक्यांची पारपत्रे सापडली तर आपण सगळेच अडकू. वाक्य माझे होते. ते व्यवहाराला धरून होते, सर्वांना पटले, आणि आम्ही खण ढकलून बाहेर पडलो. त्या रात्री संचारबंदीत झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सुतार आणि मी परत गेलो तेव्हा इमारतीत सैनिक उतरलेले होते. दारावरच्याने "हिंदी?" असे विचारले आणि हाताने परत जाण्याची खूण केली. तीन दिवसांनी त्या अकरांपैकी दोघे पायपीट करीत आमच्या खोलीवर आले. कागद तुमच्याकडे असतील असे त्यांना कोणी सांगितले होते. मी खरे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी पाणी मागितले, प्याले, आणि अंधार पडण्यापूर्वी छावणीत पोहोचायचे म्हणून घाईने निघाले. पुढे त्यांचे काय झाले ते मला कधी कळले नाही.

सुटकेची हकिगत मी थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांनी सांगितली आहे आणि २०१६ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. त्या चित्रपटात एक धनाढ्य नायक सर्वांना सोडवतो. प्रत्यक्षात वस्त्यावस्त्यांतून शिक्षक, कारकून, दुकानदार अशा माणसांनी याद्या केल्या, बस ठरवल्या, कोण आधी जाणार याचे तंटे मिटवले. बसने बसरा, तेथून बगदाद, तेथून वाळवंट ओलांडून जॉर्डन. दीड हजार किलोमीटरांच्या आसपास प्रवास. सरहद्दीवरच्या छावण्यांत हजारो माणसे, पाण्यासाठी झुंबड. त्या झुंबडीत बांगलादेशीही होते, लंकेचे होते, फिलिपिन्सचे होते, आणि ज्यांच्या हातात कागद नव्हता ते सर्वांत मागे होते. मी चेहरे पाहत फिरलो. ओळखीचे कोणी दिसले नाही.

अम्मानहून मुंबईस एअर इंडियाच्या विमानांनी ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे केली आणि १ लाख ११ हजारांहून अधिक माणसे आणली. सर्व मार्गांनी परतलेल्या भारतीयांची संख्या १ लाख ७० हजारांच्या घरात जाते. सरकार विश्वनाथ प्रताप सिंहांचे होते, मधू दंडवते अर्थमंत्री होते, परराष्ट्र खाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडे होते. देशात ७ ऑगस्टला मंडल आयोगाची घोषणा झालेली, उत्तर हिंदुस्थान पेटलेला, तिजोरीत परकीय चलनाचा खडखडाट. आणि तरीही त्या सरकारने कामगारांना आणण्यासाठी विमाने पाठवली. आपल्या विचाराच्या माणसांचा त्यात हात होता याचा मला अभिमान आहे. बगदादला गुजराल यांनी सद्दाम हुसेनला दिलेल्या आलिंगनाचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि त्यावर टीका झाली. माझे मत विचाराल तर टीका रास्त होती. आक्रमकाला मिठी मारायची नसते. आणि त्या मिठीनंतर ज्यांना वाट मिळाली त्यांत मीही होतो, म्हणून ही टीका मी मोठ्या आवाजात करीत नाही. या दोन वाक्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

कुवेतची दुसरी संचारबंदी मी पाहिलेली नाही, तरी तिच्याविषयी बोलल्याशिवाय विषय पुरा होत नाही. फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस देश मुक्त झाला आणि परतलेल्या राजवटीने लगेच लष्करी कायदा पुकारला. तो जूनअखेरपर्यंत राहिला. या खेपेस नाक्यावरचा प्रश्न बदलला. "पॅलेस्टिनी?" असा प्रश्न आला. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या नेत्यांनी सद्दामच्या बाजूने कल दाखवला होता, त्याचा सूड शहरातल्या शाळामास्तरांवर, इंजिनियरांवर, नळकाम करणाऱ्यांवर उगवला गेला. आक्रमणापूर्वी तेथे सुमारे चार लाख पॅलेस्टिनी राहत होते. काही काळाने काही दहा हजार उरले. आमच्या समोरच्या घरात असे एक मास्तर राहत. ऑगस्टमध्ये रांग न लावता पाव मिळण्याची जागा त्यांनीच आम्हाला दाखवली होती आणि आमच्या पाण्याची टाकी रिकामी झाली तेव्हा आपल्या टाकीला नळी जोडून दिली होती. माणूस कुवेतमध्येच जन्मला होता. शेजारी म्हणावा असा तोच एक होता, आणि त्यालाही आमच्यासारखाच जामीनदार लागत असे.

नुकसानभरपाईही मिळाली, हे नोंदवले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी आयोग नेमला; देश सोडावा लागलेल्या एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर, आणि इतर काही दावा न करणाऱ्यास चार हजार, असे ठरले. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून ती रक्कम वळती होत राहिली आणि आयोगाचे काम २०२२ मध्ये संपले. मला माझा वाटा मिळाला. नेरूळच्या घराच्या कर्जात तो गेला. परंतु दाव्याच्या अर्जासोबत आपण तेथे होतो याचा पुरावा द्यावा लागे. ज्याच्याजवळ पारपत्र नाही त्याने काय जोडले असेल, हा विचार अर्ज भरताना माझ्या मनात आला, आणि मी अर्ज भरला.

आता कोणी म्हणेल, हे जुने झाले, जग सुधारले. काही सुधारले आहे. घरकामगारांचे पारपत्र मालकाने ठेवू नये असा कायदा कुवेतनेच २०१५ मध्ये केला. पण १२ जून २०२४ रोजी तेथील मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय जळून वा गुदमरून मेले. आणि १ जुलै २०२५ पासून खाजगी क्षेत्रातल्या परदेशी कामगाराने देशाबाहेर जाण्यापूर्वी मालकाची मान्यता असलेला निर्गमन परवाना घेतला पाहिजे, असा नियम तेथे लागू झाला. खणाचे कुलूप आता संगणकात गेले आहे, एवढाच फरक. आखातात लष्कर कोणाचेही उतरो, पहिल्या रात्री कामगाराला हाच प्रश्न पडेल: माझी बाहेर पडण्याची परवानगी कोणाच्या हातात आहे?

परंतु मला बोलायचे आहे ते इथल्याविषयी. २०१९ च्या सप्टेंबरात वृत्त आले की राज्याच्या गृहखात्याने परदेशी स्थलांतरितांसाठी स्थानबद्धता केंद्र उभारण्याकरिता सिडकोकडे नेरूळमध्ये तीन एकर जागा मागितली आहे. माझ्या घरापासून ते अंतर चालत जाण्याजोगे. नोव्हेंबरच्या अखेरीस सरकार बदलले आणि नव्या मुख्यमंत्र्यांनी घाबरण्याचे कारण नाही असे सांगितले. आपणही निश्चिंत झालो. पुढे मार्च २०२० मध्ये चार तासांच्या सूचनेवर सारा देश बंद झाला. तेव्हा रस्त्यावरून पायी निघालेली माणसे परदेशी नव्हती. ८ मे २०२० रोजी जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली सापडले. स्वतःच्या देशात, स्वतःच्या सरकारच्या बंदीत, त्यांना पास मिळाला नव्हता.

आणि जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून पकडले गेले, विमानाने सरहद्दीवर नेऊन पलीकडे ढकलले गेले, आणि पश्चिम बंगाल सरकारने कागद दाखवल्यावर परत आणावे लागले. हे मजूर भारतीय होते म्हणून परत आले. त्यांच्यामागे एक राज्य सरकार उभे राहिले म्हणून आले. विदेशी नागरिकांसंबंधीचा १९४६ चा कायदा जाऊन नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला, परंतु एक गोष्ट त्यात तशीच राहिली: आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच आहे. रात्री दोन वाजता तळोज्याच्या पत्र्याच्या खोलीतून उठवलेल्या गवंड्याने तो भार कसा उचलावा? त्याचा मूळ कागद त्या वेळी असतो कोठे? मी गेले वर्षभर तिकडच्या वस्त्यांत जातो आहे. पुष्कळ ठिकाणी उत्तर एकच मिळते: "मुकादमकडे आहे." आधार, मतदार ओळखपत्र, कोणाचा शाळेचा दाखला. कामावर ठेवताना घेतला, काम संपले की देणार. उचल घेतलेली असली तर ती फिटेपर्यंत नाही.

आपल्यातले काही साथी मला म्हणतात, भारतीय मजुरांसाठी आपण भांडू. परंतु त्यांच्यात खरोखरीचा बांगलादेशी निघाला तर पक्ष अडचणीत येईल, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. हे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. हे वाक्य मी पूर्वी ऐकले आहे. ते माझ्याच तोंडून ऐकले आहे, उघड्या खणासमोर उभे राहून. ज्याचा कागद सरस ठरतो त्याचा बचाव करायचा आणि ज्याचा ठरत नाही त्याला खणात ठेवून निघायचे, असे आपण ठरवले तर तसे उघडपणे ठरवावे. कामगारांची एकजूट वगैरे शब्द मग त्या ठरावात घालू नयेत. परदेशी माणसावर कायदेशीर कारवाई करण्याचा सरकारचा अधिकार मी नाकारत नाही. पण ती न्यायालयासमोर, वकील देऊन, दिवसाउजेडी व्हावी, आणि जो येथे राबला त्याची मजुरी त्याच्या हातात पडून व्हावी. एवढे मागायला कोणाची जात, भाषा किंवा देश विचारावा लागत नाही.

माझी सूचना लहान आहे. मोर्चा नको, मोर्चात मजूर येणार नाहीत, त्यांना दिसणेच परवडत नाही. आपण दोन-दोन जणांनी वस्त्या वाटून घ्याव्यात. प्रत्येक खोलीत कोणाचे कागद मुकादमाकडे अडकले आहेत याची यादी करावी. मुकादमाकडे जाऊन ते मागावेत. पहिल्यांदा नम्रपणे, दुसऱ्यांदा कामगार आयुक्तांचे नाव घेऊन. मूळ कागद मजुराच्या हातात, एक प्रत त्याच्या गावी घरच्यांकडे, एक आपल्या कचेरीत. कोणाला रात्री उचलले तर फोन कोणाला करायचा, तो क्रमांक खोलीच्या दारामागे लिहिलेला असावा, आणि तो फोन उचलणारा माणूस जागा असावा. पहिले तीन महिने रात्रीचा फोन माझ्याकडे ठेवावा. मला तशीही झोप कमी आहे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही चौघे तळोज्याला जाणार आहोत. बांगला समजणारा एक तरी माणूस बरोबर हवा. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या सुटीत माझ्याकडे नावे द्यावीत.